युद्धाच्या आरोपीचा पुकारा

बेलिफ म्हणजे काय, हे मला आमच्या नवीन पनवेलच्या सोसायटीत अजूनही समजावून सांगावं लागतं. उभं आयुष्य त्या नोकरीत गेलं, पण तळमजल्यावरच्या काकू कित्येक वर्षं मला पोलीस समजत होत्या आणि भाडेकरूंच्या तक्रारी घेऊन यायच्या. मुलीच्या सासरी अजून वाटतं की मी कुणा वकिलाच्या हाताखाली होतो. आता आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या दिवाळी अंकासाठी संपादकांनी फर्मावलंय, 'म्हसकर, कोर्टातले गमतीदार अनुभव द्या, हलकंफुलकं असू द्या.' देतो की. पण गणपतीत जे झालं तेव्हापासून संघातली निम्मी मंडळी माझ्याशी धड बोलत नाहीत, आणि उरलेली निम्मी 'तुम्ही असं का केलंत' विचारून डोकं खातात. प्रत्येकाला जिन्यात उभं राहून उत्तर देण्यापेक्षा एकदाचं लिहूनच टाकलेलं बरं.

तर बेलिफ. दिवाणी कोर्टात कोणी कोणावर दावा लावला की कोर्ट समोरच्याला समन्स काढतं, अमुक तारखेला हजर राहा आणि काय ते तुमचं म्हणणं मांडा. तो कागद त्या माणसाच्या हातात नेऊन द्यायचा, सही घ्यायची आणि कोर्टाला तसं कळवायचं, याला म्हणतात बजावणी. ती करणारा तो बेलिफ. न्यायाधीश कितीही हुशार असोत, वकील कितीही घसा कोरडा करोत, कागद पोचला नाही तर दावा जागचा हलत नाही. कागद आपल्या पायांनी चालत जात नाही. मी जायचो. आधी एसटीनं, मग सायकलनं, मग स्कूटरवरून, आणि खाडीच्या अंगाला चपला हातात घेऊन चिखलातून.

आणि माणसं काय एकेक. दारात चपला, खुंटीवर शर्ट, आतून खोकल्याचा आवाज, आणि बाई तोंड वर करून सांगणार की हे गावाला गेलेत. एकदा आपटा गावात दोन भावांच्या दाव्यात धाकट्याला समन्स द्यायला गेलो. त्यानं बसवलं, चहा दिला, कांदेपोहे दिले, माझ्या मुलीच्या शाळेची चौकशी केली, आणि कागद पुढे केला तसे दोन्ही हात पाठीमागे घेतले. म्हणाला, चहा घ्या अजून, पण कागद नाही घ्यायचा. माणूस कागद नाकारतो तेव्हा दोन शेजारी बोलावून त्यांच्यासमोर तो दाराला चिकटवायचा असा कायदा आहे. मी पिठाची खळ मागून घेतली, तीही त्यानंच दिली, आणि चिकटवला. पाताळगंगेच्या पुलापर्यंत पोचलोही नसेन, तोच मागून पोरं ओरडत आली की बकरीनं तुमचा कागद खाल्ला. पुढच्या तारखेला त्याच्या वकिलानं अर्ज दिला की समन्स मिळालंच नाही. न्यायाधीशांनी शांतपणे निकाल दिला की बजावणी झाली, कारण बकरी या दाव्यात पक्षकार नाही. झालं समाधान? ही घ्या तुमची गंमत.

दुसरा अनुभव मात्र लोक विसरले तरी मी विसरत नाही. आमच्या शहरातला एक बडा बिल्डर. लोकांना घरं देईना, हुकूमनामा झाला तरी दाद देईना, तेव्हा कोर्टानं त्याला दिवाणी तुरुंगात घालायचं वॉरंट काढलं. ते घेऊन फिरायचो मीच. यात मेख अशी की सूर्य मावळला की असल्या वॉरंटसाठी बेलिफाला कोणाच्या घरात पाऊल टाकता येत नाही, आणि तिऱ्हाइताच्या घराचं बाहेरचं बंद दार तोडता येत नाही. त्यानं हे बरोबर हेरलं. दिवसभर मेहुण्याच्या घरी दार लावून आत बसायचा. मला तो सापडलाच नाही. हात टेकले. पण त्याचं काय झालं तेही ऐका. आपल्याच ऑफिसात त्याला बसता येईना. सख्ख्या पुतणीचं लग्न दुपारच्या मुहूर्तावर होतं, तिथं जाता आलं नाही. मागच्या बाजूच्या गल्लीतून, कचऱ्याच्या डब्यांमधून ये-जा करायचा. शेवटी वकिलाला पुढं करून आपण होऊन कोर्टात आला, कशासाठी, तर उन्हात फिरता यावं म्हणून. वॉरंट बजावलं गेलं नाही म्हणजे ते फुकट गेलं असं म्हणणाऱ्यांचा मला तेव्हापासून राग येतो.

आणि नेमकं तेच रोज सकाळी ऐकावं लागायचं. फिरून झालं की बागेच्या कट्ट्यावर आमची बैठक असते. परदेशात लढाया चालल्यात, इमारतीच्या इमारती पाडताहेत, आणि कुठल्या कुठल्या देशांच्या पुढाऱ्यांवर आंतरराष्ट्रीय कोर्टानं खटला चालवावा की नाही, यावर आमच्याकडे चर्चा. आता आमच्या चर्चेनं तिकडची एक तोफ बंद होणार आहे का? पण नाही. रोज तेच. आमचे गद्रे, बँकेतून निवृत्त झालेले, हौशी नाटकातले विनोदी नट, ते रोज एकच विनोद करायचे, 'काय म्हसकर, वॉरंट निघालंय म्हणे, तुम्हाला पाठवताहेत का बजावायला?' सगळे रोज हसायचे. तोच विनोद, तेच हसणं.

एक गट म्हणायचा, खटला चालवून उपयोग काय, पकडणार कोण, त्या कोर्टाकडे ना पोलीस ना धरून आणायला माणसं. शिवाय हरलेल्यालाच पकडतात, जिंकलेल्याला कोण हात लावतो. आणि पुढाऱ्याला कळलं की लढाई थांबली की आपण पिंजऱ्यात, तर तो ती थांबवेल कशाला? दुसरा गट म्हणायचा, कायदा म्हणजे कायदा, सरळ उचलून आत टाका. जणू काही उचलायला हेच जाणार आहेत, चहा पिऊन. मला दोघांचाही वैताग यायचा. पहिल्यांना मी बिल्डरची हकीकत सांगायचो, की अशा वॉरंटमुळे त्या पुढाऱ्याला निम्म्या जगाची विमानतळं बंद होतात, हे काही थोडं नाही. दुसऱ्यांना सांगायचो की कागद आपण होऊन चालत जात नाही, त्याला नेणारा माणूस लागतो, आणि त्या माणसाला दारात कोणीतरी उभं करावं लागतं. ऐकतो कोण? माझं बोलणं संपायच्या आत विषय मधुमेहावर गेलेला असायचा.

यातूनच संघाच्या सचिव वैद्य मॅडम यांच्या डोक्यात कल्पना आली. कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, उत्साही बाई. गणपतीत आपण अभिरूप न्यायालय करू या, त्या म्हणाल्या. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, अभिरूप न्यायालय म्हणजे मांडवातलं लुटूपुटूचं कोर्ट. काळे कोट भाड्यानं आणायचे, एकाला आरोपी करायचं, आणि चिमटे काढत लोकांना हसवायचं. विषय ठरला, 'युद्धकालीन नेत्यांवर खटला चालवावा का?' न्यायाधीश वैद्य मॅडम, आरोपी गद्रे. आरोपीचं नाव ठेवलं 'सर्वाधिपती रणधुरंधर', देश कोणता ते सांगायचं नाही, म्हणजे कोणाचं मन दुखायला नको, वर्गणीवर परिणाम नको. मी म्हटलं, मॅडम, ना वडिलांचं नाव, ना वय, ना पत्ता, असलं समन्स बेलिफांना कागद वाटून देणाऱ्या आमच्या नाझरनं तोंडावर फेकलं असतं. त्या म्हणाल्या, म्हसकर, तुम्ही फार बाई गंभीर होता.

आणि मला काय काम? पुकारा. 'आरोपी सर्वाधिपती रणधुरंधर हाजिर हो', तीनदा. अहो, पुकारा हे कोर्टात शिपायाचं काम, बेलिफाचं नव्हे. हे मी मॅडमना सांगितलं, गद्रेंना सांगितलं, घरी बायकोलाही सांगितलं. बायको म्हणाली, आवाज मोठा आहे तुमचा, एवढं कौतुकानं विचारलंय तर ओरडा की. संपलं.

आता हिराबाईंबद्दल सांगतो, कारण सगळं रामायण तिथून आहे.

हिराबाई गव्हाणच्या. उरण नाक्यावर मासळी विकतात. माझी त्यांची ओळख मासळीमुळे नाही, कोर्टामुळे. फार मागे त्यांच्या कोळीवाड्याची खाडीवर जायची वाट एका ठेकेदारानं कुंपण घालून बंद केली होती. हिराबाईंच्या सासऱ्यांनी दावा लावला. त्या ठेकेदाराला समन्स बजावता बजावता माझ्या नाकी नऊ आले होते, पण बजावलं. तो आला, साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला, आणि सासऱ्यांच्या वकिलानं त्याला चांगला पिळून काढला. दावा पुढं रेंगाळला, वाट काही परत मिळाली नाही, सासरेही गेले. पण हिराबाईंनी ओळख ठेवली. माझ्यासाठी ताजं काढून ठेवायच्या आणि भावात एक पैसाही सोडायच्या नाहीत.

त्यांचा मुलगा नितेश मालवाहू जहाजावर ऑइलर होता, इंजिनरूममध्ये. गेल्या वर्षी एका लांबच्या समुद्रातून त्याचं जहाज चाललं होतं. तिकडे दोन देशांची लढाई. जहाजात ना दारूगोळा ना सैनिक, धान्य होतं. क्षेपणास्त्र येऊन लागलं ते इंजिनाच्या बाजूला. बाकीचे सुटले, नितेश सापडला नाही. एक देश म्हणाला, क्षेपणास्त्र आमचं नाही. दुसरा म्हणाला, आमचं तर नाहीच नाही. जहाजाचा मालक तिसऱ्या देशातला, झेंडा चौथ्या देशाचा. कंपनीचा माणूस हात जोडून गेला. पेपरात चार ओळी आल्या. त्यानंतर त्या पोराबद्दल जगात कोणी कोणाला काही विचारलेलं नाही. मला विचाराल तर मुद्दा हा आहे. तुमचे गट आणि तुमच्या चर्चा बाजूला ठेवा.

गणपतीच्या आधी एक दिवस मासळी घेताना मी वैतागून हिराबाईंपाशी बडबडलो, की या वयात मला मांडवात ओरडायला लावताहेत, लढाई करणाऱ्या पुढाऱ्यावर खटल्याचं नाटक आहे. बोलून गेल्यावर जीभ चावली. त्यांचा कोयता मात्र थांबला होता. कोण बसणार आहे, कोण उभा राहणार आहे, सगळं विचारून घेतलं. मी दोनदा सांगितलं की हे खोटं कोर्ट आहे, लोकांना हसवायला. त्या म्हणाल्या, ते कळलं. मग मासळी पिशवीत घालत म्हणाल्या, "भाऊ, त्या ठेकेदाराला उभा केला होता ना तुमी. वाट नाय मिळाली, पन त्याला विचारला तर खरा. माज्या पोऱ्याचा मी कोनाला विचारू? हितं कोनी उभाच राहत नाय."

मी म्हटलं, हिराबाई, तिथं मध्ये कोणाला बोलता येत नाही, सगळं लिहून ठरलेलं आहे. त्या म्हणाल्या, मी नुसती बसेन. घरी येताना माझं डोकं ठणकत होतं. एवढ्या वर्षांत मी शेकडो लोकांना कोर्टापुढं आणलं, कोणी कुंपणासाठी, कोणी गच्चीवरच्या टाकीसाठी. टाकीसाठी माणूस पिंजऱ्यात उभा राहतो. आणि एखाद्याचा पोरगा समुद्रात जातो त्यासाठी उभं करायला माणूसच नाही. कसला कायदा हा? चीड आली, आणि ती कोणावर काढायची तेही कळेना.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मांडव गच्च भरला होता. आमच्या खटल्यानंतर सोसायटीतल्या बायकांचं कोळीनृत्य होतं. त्या सगळ्या रंगमंचाच्या मागे तयार होऊन उभ्या, कोळी पद्धतीनं नेसलेल्या, केसात कागदी फुलं, हातात टोपल्या आणि टोपल्यांत प्लास्टिकचे मासे. मी पडद्याच्या कडेला माझा कागद घेऊन उभा. आणि बघतो तर त्या घोळक्यात हिराबाई. ठेवणीतलं हिरवं लुगडं, गळ्यात सोनं, केसांत खरा मोगरा. कोर्टाला जायचं म्हणून नीट नेसून आल्या होत्या बिचाऱ्या. दारावरच्या स्वयंसेविकेनं त्यांना पाहिलं आणि नाचातल्या समजून थेट मागं पाठवून दिलं. वैद्य मॅडम काळा कोट चढवत होत्या, त्यांनी हिराबाईंना आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "किती हुबेहूब! कुठल्या विंगमधल्या तुम्ही?" आणि एका मुलीनं हिराबाईंच्या हातात प्लास्टिकचा मासा दिला.

मी कपाळावर हात मारला. पुढं होऊन सांगणार, तेवढ्यात मॅडम रंगमंचावर गेल्या आणि मला खूण झाली. पुकारा केला. तीनदा. गद्रे छातीवर भाड्याची पदकं लावून आले आणि आरोपीच्या पिंजऱ्याऐवजी पाहुण्यांच्या लाल मखमली खुर्चीत बसले. मध्यंतरी गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यांचं. खटला सुरू झाला. सरकारी वकिलानं विचारलं, तुम्ही शाळेवर बॉम्ब का टाकला? गद्रे म्हणाले, 'राष्ट्रहितासाठी!' हशा. रुग्णालयावर का टाकला? 'राष्ट्रहितासाठी!' मोठा हशा. तुमचा मुलगा सैन्यात का नाही? 'राष्ट्रहितासाठी!' लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. गद्रेंचं टायमिंग चांगलंच आहे, ते मी नाकारत नाही. बचावाच्या वकिलानंही छान बाजू मांडली. लढाईत चुका होतातच, वर बसलेल्याला प्रत्येक गोळीचा हिशेब कसा विचारणार, विचारायला लागलात तर उद्या देश राखायला कोण तयार होईल. हेही खोटं नाही. टाळ्या पडल्या.

हिराबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या होत्या. हसत नव्हत्या, रडतही नव्हत्या. गद्रेंकडे एकटक बघत होत्या, जसं आपण दुकानात भाव विचारायच्या आधी वस्तू निरखतो. मग हळूच मला विचारलं, "साक्षीला कोनी नाय का?"

माझ्या कागदावर साक्षीदार होता. 'निवृत्त सेनापती ढोलताशे', त्यात देशपांडे येणार होते आणि मिशी पडल्याचा विनोद करणार होते. ते पलीकडच्या बाजूला मिशी हातात घेऊन तयार होते. नोकरीत असताना कागदावर नसलेलं एक अक्षर मी कधी वाचलं नाही. बेलिफानं आपल्या मनानं काही करायचं नसतं, तीच त्याची अब्रू. पण त्या क्षणी माझं डोकं फिरलं, दुसरं काय सांगू? त्या बाईच्या हातात अजून तो प्लास्टिकचा मासा होता. मी तो काढून घेतला आणि ओरडलो, साक्षीदार हिराबाई, राहणार गव्हाण, हाजिर हो.

नियमाप्रमाणे तीनदा ओरडलो. पहिल्याच हाकेला त्या रंगमंचावर पोचल्या होत्या.

लोकांना वाटलं, वा, कोळीण साक्षीदार, काय झकास कल्पना आहे. शिट्ट्या पडल्या. मॅडम पुढ्यातले कागद उलटेपालटे करायला लागल्या. गद्रे मुरलेले नट, त्यांनी लगेच सावरून घेतलं, 'काय हो बाई, पापलेट कसं दिलं?' पुन्हा हशा. हिराबाई हशा थांबेपर्यंत थांबल्या. बाजारात बसणाऱ्या बाईला गलका थांबायची वाट बघता येते. मग त्या गद्रेंच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि माइक नसतानाही शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "उभं राहा."

गद्रेंनी हसून प्रेक्षकांकडे पाहिलं. तिकडून एकदोघं हसले.

"मी नितेशची आय. जहाजावर होता तो. उभं राहा, मंग विचारते."

नितेशचं नाव आमच्याकडच्या बऱ्याच जणांना माहीत होतं. मासळी तर निम्म्या घरांत उरण नाक्यावरूनच येते, नटलेल्या हिराबाईंना कोणी ओळखलं नव्हतं एवढंच. पुढच्या दोन रांगांतले लोक वळून मागच्यांना सांगायला लागले. गद्रे खुर्चीचे हात धरून उठले. उठताना एक पदक खाली पडलं, ते कोणी उचललं नाही.

हिराबाईंनी विचारलं, "माजा पोऱ्या धान्य घेऊन चालला होता. तुमची त्याची वळख बी नाय. त्याला कोनाच्या हुकमानं मारला? आनि तो कुठं हाय?"

गद्रेंनी तोंड उघडलं. सवयीनं तोच एक शब्द जिभेवर आला असणार, मला त्यांचे ओठ दिसत होते. पण आला नाही बाहेर. मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या घराला आग लावलीय. कोणीतरी मागून म्हणालं, आरतीची वेळ झाली, घ्या आटोपतं. मला त्या माणसाचा गळा धरावासा वाटला. आरती कुठं पळून चालली होती? एवढ्या मोठ्या जगात त्या बाईला हा प्रश्न विचारायला एक जागा मिळाली होती, तीही भाड्याच्या कोटांची, आणि इथंही घाई.

शेवटी गद्रे बोलले, स्वतःच्या आवाजात. "मला माहीत नाही, बाई."

हिराबाई माझ्याकडे वळल्या. त्या सगळ्या काळ्या कोटांना सोडून मलाच विचारलं, कारण त्यांच्या लेखी तिथं कोर्टातला माणूस मी एकटा होतो. "भाऊ, माहीत नाय बोलला तर कोरटात चालतं?"

काय सांगणार होतो? खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं का? मी आयुष्यभर पाहिलंय. सगळ्यात जास्त उत्तर तेच येतं. माहीत नाही, आठवत नाही, माझ्या सहीसारखी दिसते पण सांगता येत नाही. ते लिहून घेतात आणि पुढचा प्रश्न विचारतात. मी म्हटलं, "चालतं, हिराबाई."

त्यांनी मान हलवली. पदर नीट केला. मग गद्रेंना म्हणाल्या, "माहीत नाय तर नाय. तोंडासमोर उभं राहून सांगितला. ते बी आतापत्तर कोनी केलं नव्हतं." आणि जायला वळता वळता थांबून म्हणाल्या, "बसा आता. पाय दुखत असतील तुमचे."

त्या रंगमंचाच्या पुढच्या पायऱ्यांनी उतरल्या आणि मांडवातल्या मधल्या वाटेनं चालत बाहेर गेल्या. निकाल द्यायचं मॅडम विसरल्या. कोणीतरी झांजा आणल्या, आरती सुरू झाली, सगळे उठले, आरती संपली, सगळे परत बसले. गद्रे मात्र त्या खुर्चीपाशी उभेच होते. मी जाऊन त्यांचा हात धरला, म्हटलं, चला, बसा. ते बसले नाहीत.